सव्वा महिन्याची क्वारेन्तेना

साथ चालू असताना कोलंबियाला जायचं असेल तर माझा पहिला सल्ला असा की जाऊ नका. आमचा नाइलाज होता. लेक बोगोटाला, तिचे दिवस भरत आलेले, आणि बाळंतपण काही ‘परिस्थिती निवळली की बघू’ म्हणून पुढं ढकलता येत नाही. एरवी २०२० साली आम्ही सगळंच पुढं ढकललं होतं. पुतण्याचं लग्न, माझा मोतीबिंदू, गच्चीची गळती. गळती तेवढी आमच्यासाठी थांबली नाही.

दुसरा सल्ला विवाहितांसाठी. विमानाची वेळ घरात नीट सांगा. आमचं विमान ‘चौदा जानेवारीच्या रात्री’ होतं, म्हणजे खरं तर १५ जानेवारी २०२१ च्या पहाटे दोनला. मी महिनाभर ‘संक्रांतीला निघायचं’ असंच म्हणत होतो. टॅक्सी लोणावळ्याला आली तेव्हा हिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, “अहो, दोन वाजता म्हणजे किंक्रांत लागली की! करिदिनाला कोणी प्रवासाला निघतं का?” मी म्हटलं, घरातून आपण संक्रांतीलाच निघालोय, किंक्रांतीला फक्त जमिनीवरून निघणार आहोत. यावर ती पनवेलपर्यंत काही बोलली नाही. पुढच्या पन्नास दिवसांत जे जे झालं त्याचा उगम तिच्या मते या एका वाक्यात आहे.

आता कागदपत्रं. अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टात असेल आणि त्याची मुदत पुरेशी, म्हणजे किमान १८० दिवस, शिल्लक असेल तर भारतीयाला कोलंबियाचा वेगळा व्हिसा लागत नाही. मुलगा न्यू जर्सीत असल्याचा आम्हाला झालेला हा पहिला उपयोग. त्यानंतर चाचणी. बाहेरून येणाऱ्यांनी आरटी-पीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट आणावा ही अट कोलंबियाने नोव्हेंबरात काढून टाकली होती. आम्ही तिकीट काढलं, आणि ७ जानेवारीला ती परत आली. चाचणी निघण्याआधीच्या शहाण्णव तासांतली हवी होती. शहाण्णव तास हा आकडा ज्याने काढला त्याला भारतातून बोगोटाला जायला दोन विमानं आणि साडेदहा तासांचा वेळेचा फरक ओलांडावा लागत नसावा. आमच्या जेवणाच्या टेबलावर चार दिवस हाच हिशेब चालू होता: तास कुठल्या देशाचे धरायचे? निघण्याआधी म्हणजे पुण्याहून, मुंबईहून की फ्रँकफर्टहून? शेवटी आम्ही सगळ्या शंका एकत्र करून त्यातला सर्वांत भित्रा अर्थ काढला आणि तो धरून चाललो. साथीतल्या प्रवासात याच्याइतकं व्यवहारी दुसरं काही नाही.

शिवाय ‘चेक-मिग’ नावाचा तिथल्या इमिग्रेशनचा ऑनलाइन फॉर्म. तो येताना भरायचा आणि देश सोडतानाही भरायचा. शिवाय ‘कोरोनाप’ हे सरकारी ॲप, ज्यात आपल्याला खोकला नाही हे आपणच सांगायचं. आणि या सगळ्यांखाली दबलेलं, कोणाच्या यादीत नसलेलं एक पिवळं कार्ड. कोलंबियात पीतज्वर आहे. तिकडून भारतात परतणाऱ्याने त्याची लस घेतलेली नसेल तर विमानतळावरच सहा दिवस अडकवून ठेवू शकतात. ही लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. ती आम्ही मुंबईला जाऊन घेतली आणि कार्ड हिने ‘नीट ठेवलं’. आमच्याकडे नीट ठेवलेली वस्तू सापडत नाही, पण तो पुढचा भाग.

सामानात अर्थातच डिंक, आळीव, मेथी, खारीक. तिसरा सल्ला: कोलंबियात बियाणं घेऊन उतरू नका. शेतीप्रधान देश आहे, कॉफी आणि फुलांवर पोट आहे, परकी बी बघितलं की अधिकाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. आळिवाची पुडी हातात धरून त्या बाईंनी विचारलं हे काय. मी म्हटलं, औषध. ही म्हणाली, खाऊ. दोन उत्तरं ऐकल्यावर त्यांनी पुडी शांतपणे डब्यात टाकली. डिंकाकडे मात्र त्या बराच वेळ बघत राहिल्या. त्यात रुजण्यासारखं काही नाही याची खात्री पटल्यावर परत दिला. तयार लाडवांना तर हातही लावला नाही. म्हणजे बी नेऊ नये, लाडू न्यावा.

आम्ही बाहेर आलो तेव्हा संध्याकाळ होती आणि रात्री आठला बोगोटा बंद होणार होतं. शुक्रवारी रात्री आठपासून सोमवारी पहाटे चारपर्यंत कडकडीत. संचारबंदीला तिकडे ‘तोके दे केदा’ म्हणतात, आणि कानाला ते एखाद्या नाचाचं नाव वाटतं. विमानाने आलेल्यांना घरी जाण्यापुरती मुभा होती. त्यामुळे चौथा सल्ला: बोर्डिंग पासचा फाटका तुकडा जपून ठेवा. जावईबापूंनी तो गाडीच्या काचेला आतून असा लावला होता, जसं आपण आषाढीला दिंडीच्या वाहनाचा पास लावतो.

घरी पोचलो. विहीणबाईंनी दारातच आमच्या बुटांवर, बॅगांवर आणि माझ्या माकडटोपीवर अल्कोहोलचा फवारा मारला. त्या मूळच्या बोयाकाच्या, म्हणजे बोगोटाच्या वरच्या अंगाला असलेल्या थंड डोंगराळ प्रांतातल्या. तिकडची माणसं समोरच्याला ‘सुमर्से’ म्हणतात. म्हणजे साधारण ‘आपण, मायबाप’. बोगोटात मुळात सगळेच सगळ्यांना ‘उस्तेद’ म्हणजे अहो-जाहो करतात. नवरा बायकोला, आई पोराला, आणि मी स्वतः ऐकलं आहे, कुत्र्याच्या मालकीणबाई कुत्र्याला. ‘अहो, खाली बसा’ असं कुत्र्याला सांगणारा देश बघून माझ्या पुणेरी मनाला फार बरं वाटलं.

तर विहीणबाई. लेक आत झोपलेली, जावई गाडी लावायला गेलेला, मधे दुभाषी कोणी नाही. त्या आमच्या दोघांकडे बघून अत्यंत गंभीरपणे म्हणाल्या, “क्वारेन्तेना.” आणि चार बोटं वर करून, “क्वारेन्ता दियास.” चाळीस दिवस. मग आतल्या खोलीकडे हात केला.

मी मटकन खालीच बसलो. चाळीस दिवस? निगेटिव्ह रिपोर्ट आणूनसुद्धा? आमचं परतीचं तिकीट मार्चच्या पहिल्या आठवड्यातलं. म्हणजे हजारो मैल उलटसुलट हिंडून एक खोली बघायची आणि परत जायचं. ही तर हळूच म्हणाली, “किंक्रांत.”

जावई वर आला, तो आईशी बोलला, आणि दोघंही हसत सुटले. क्वारेन्तेना आमच्यासाठी नव्हतीच. ती लेकीसाठी होती, बाळंत झाल्यावरची.

‘क्वारंटीन’ हा शब्द व्हेनिसच्या बंदरात जहाजं चाळीस दिवस थांबवत त्यावरून आला, हे २०२० साली व्हॉट्सॲपवरून ज्याला कळलं नाही असा माणूस महाराष्ट्रात नसेल. पण स्पॅनिशमध्ये त्याच शब्दाचा दुसरा अर्थ बाळंतिणीचे चाळीस दिवस असा आहे. कोलंबियात बायका ‘ला दिएता’ असंही म्हणतात. बाहेर जायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही, गार पाण्यात हात घालायचा नाही, डोकं बांधून ठेवायचं. हे जावई भाषांतर करत होता आणि हिचा चेहरा उजळत चालला होता. “म्हणजे सव्वा महिना!” ती म्हणाली. एकमेकींची भाषा न येणाऱ्या त्या दोघी पुढचा अर्धा तास एकमेकींशी बोलत होत्या, आणि मी आणि जावई तिथे उगाचच उभे होतो.

बाळ आठवड्याभरात झालं. मुलगा. दवाखान्यात जावयाशिवाय कोणाला सोडलं नाही. त्यांच्याकडे मुलाला बापाचं आडनाव आणि मागोमाग आईचं आडनाव अशी दोन आडनावं असतात. जन्मनोंदणीच्या कागदावर नातवाच्या नावाच्या शेवटी आमचं आडनाव बघून मी त्या कागदाचे तीन फोटो काढले. पण मला सांगायचं आहे ते लेक घरी आली त्या दिवसाचं. ती पलंगावर बसली न बसली तोच उजवीकडून ही कापसाचे बोळे घेऊन आली, कानात घालायला. आणि डावीकडून विहीणबाईही कापसाचे बोळे घेऊन आल्या. कानातच घालायला. दोघी थबकल्या. मधे लेक. मग एका कानात बोयाकाचा कापूस गेला, दुसऱ्या कानात पुण्याचा. लेक काहीतरी म्हणत होती, “आई, डॉक्टरांनी सांगितलंय की असं काही...” पण तिला स्वतःलाच नीट ऐकू येत नसावं.

मतभेद झाला तो दोनच बाबतींत. एक, कोंबडी. तिकडे बाळंतिणीला कोंबडीचं पाणी हवंच. पूर्वी खेड्यांत म्हणे चाळीस दिवसांसाठी कोंबड्या आधीपासून राखून ठेवत. विहीणबाईंनी वाफाळता वाडगा आणला. ही म्हणाली, आमच्यात चालत नाही. लेकीने काही न बोलता तो वाडगा घेतला आणि इतक्या सराईतपणे संपवला की माझ्या आणि हिच्या एकाच वेळी लक्षात आलं, ही काही पहिली वेळ नव्हे. आम्ही दोघांनी तेव्हापासून आजपर्यंत या विषयावर एक शब्द काढलेला नाही. दोन, दिवसांचा हिशेब. आमचा सव्वा महिना, म्हणजे साधारण अडतीस दिवस. त्यांचे चाळीस. या दोन दिवसांवर जेवढी चर्चा झाली तेवढी बोगोटाच्या नगरपालिकेत लॉकडाउनवर झाली नसेल.

आता साथीतल्या कोलंबियाचा मुख्य नियम. त्याचं नाव ‘पिको ई सेदुला’. सेदुला म्हणजे त्यांचं आधारकार्ड. त्याच्या नंबरचा शेवटचा आकडा बघून तुम्ही आज दुकानात शिरायचं की नाही हे ठरायचं. परक्यांनी पासपोर्टाचा शेवटचा आकडा धरायचा. ही कल्पना त्यांना आभाळातून सुचली नाही. बोगोटात १९९८ पासून गाड्यांसाठी ‘पिको ई प्लाका’ आहे, नंबरप्लेटचा शेवटचा आकडा बघून गर्दीच्या वेळी कोणती गाडी रस्त्यावर यायची नाही ते ठरवणारा. साथ आली तेव्हा सरकारने गाडीच्या जागी माणूस लिहिला, बस्स. एकूणच त्या देशाला नंबरांची सवय आहे. मोटरसायकलवाले हेल्मेटवर गाडीचा नंबर छापून हिंडतात. आणि त्या मोटरसायकलींत आपल्या आकुर्डीच्या पल्सर इतक्या की एका सिग्नलला मला क्षणभर मी निगडीतच उभा आहे असं वाटलं.

माझ्या पासपोर्टाचा शेवटचा आकडा ४, हिचा ७. नियम असा: सम तारखेला सम आकडेवाल्यांनी दुकानात जायचं नाही, विषम तारखेला विषमवाल्यांनी नाही. म्हणजे मी सम असल्यामुळे विषम दिवशी मोकळा. हे इतर परदेशी लोकांना समजायला फार जड जात होतं, पण ज्याने लक्ष्मी रस्त्याच्या गल्ल्यांमध्ये पी-वन आणि पी-टूच्या पाट्यांखाली स्कूटर लावलेली आहे त्याला बोगोटा नवं काय शिकवणार? मी तर पहिल्याच दिवशी जावयाला विचारलं, की महिना एकतीसचा असेल तर ३१ आणि १ लागोपाठ विषम येतात, त्याचं काय? तो माझ्याकडे नव्या आदराने बघू लागला. सासरा उगाच आला नाही असं त्याला वाटलं असावं.

पण एक खबरदारी घ्यावी लागे. बोगोटाचा आकडा कोणी जायचं नाही ते सांगायचा. दुसऱ्या एखाद्या गावात तोच आकडा कोणी जायचं ते सांगायचा. गाव बदललं की आधी विचारावं लागे: हा आकडा जाण्याचा की न जाण्याचा? शिवाय नियम आठवड्याला बदलायचा, आणि ‘पुएन्ते’च्या आधी हटकून बदलायचा. पुएन्ते म्हणजे पूल. तिकडे १९८३ सालच्या एका कायद्याने बऱ्याचशा सुट्ट्या उचलून सोमवारी टाकल्या आहेत, त्यामुळे शनिवार-रविवार-सोमवार असा पूल तयार होतो आणि अख्खा देश त्यावरून गावाला जातो. साथीत सरकारला विषाणूपेक्षा या पुलांची धास्ती जास्त होती.

या सगळ्याचा परिणाम असा की लग्नानंतर बत्तीस वर्षांनी आम्हा दोघांना एका दिवशी एका दुकानात जाता येईना. लॉकडाउनच्या काळात काही जोडप्यांनी यासाठी काय दिलं असतं! पण भाजी आणायला विषम तारखांना मी एकटाच. दारात रखवालदार. आधी पायपुसणं, त्यात बूट बुडवायचे. मग हातावर जेल. मग पासपोर्ट. मग मनगटावर थर्मामीटरचं पिस्तूल. बोगोटा २,६०० मीटर उंचीवर, जानेवारीतल्या सकाळी हात बर्फासारखे, त्यामुळे आकडा यायचा ३३.४, ३२.९. या मापाने मी पाच आठवडे मेलेलो होतो. पण ताप नाही म्हणून आत सोडत. उंचीचं आणखी एक: तिथे चार पायऱ्या चढलं की धाप लागते, वर तोंडाला ‘तापाबोकास’. मास्कला त्यांचा हा शब्द, अर्थ सरळ ‘तोंडझाकणं’. धापेने चष्म्यावर वाफ, वाफेने समोर धुकं, आणि धुक्यात मी हिला व्हिडिओ कॉल लावून कोथिंबीर कोणती आणि तिची ती विलायती बहीण कोणती हे विचारतोय. ही म्हणायची, “मास्क खाली करा, ऐकू येत नाही.” रखवालदार म्हणायचा, मास्क वर करा.

जावई म्हणाला, तुम्हाला कसलं नवल वाटतंय, गेल्या वर्षी याहून मोठी गंमत होती. २०२० च्या १३ एप्रिलपासून ११ मेपर्यंत बोगोटात ‘पिको ई हेनेरो’ होतं. विषम तारखेला फक्त पुरुषांनी बाहेर पडायचं, सम तारखेला फक्त बायकांनी. ट्रान्स व्यक्तींनी आपापल्या ओळखीप्रमाणे. तेव्हा महापौर क्लाउदिया लोपेस. त्याच्या सांगण्याप्रमाणे विषम दिवशी दुकानं सामसूम, आणि जे चार पुरुष असत ते फोन कानाला लावून साबणाच्या कपाटापुढे उभे. सम दिवशी रांगा रस्त्यापर्यंत. याच सरकारी शहाणपणाच्या वर्षात १९ जूनला देशाच्या सरकारने ‘विक्रीकर माफ’ दिवस केला, एकोणीस तारखेला एकोणीस टक्के कर माफ, आणि जे लोक तीन महिने एकमेकांपासून दोन मीटर लांब उभे होते ते टीव्हीच्या खोक्यांसाठी एकमेकांच्या खांद्यावर चढले. लोकांनी त्या शुक्रवाराचं नाव ‘कोविड फ्रायडे’ ठेवलं.

तेवढ्यावर तो थांबला असता तर मी हसून विसरलो असतो. पण पुढे त्याने एक सांगितलं. त्याच वर्षी बोगोटाला लागून असलेल्या सोआचा या गावात लोकांनी खिडकीला लाल फडकं बांधायला सुरुवात केली. त्याचा अर्थ: या घरात खायला नाही. मग ती फडकी बोगोटाच्या टेकड्यांवर आणि दुसऱ्या शहरांतही दिसायला लागली. रोज कमावून रोज खाणाऱ्याला चाळीस दिवस काय, चार दिवससुद्धा कोंडून राहता येत नाही. विहीणबाईंच्या रस्त्यावर एका गॅलरीत मला तसं फिकट झालेलं फडकं दिसलं होतं. कपडा वाळत घातलाय असं मी समजलो होतो.

पैशांचं सांगायचं तर तेव्हा रुपयाला पन्नासेक पेसो. माणूस पहिल्या दिवशी श्रीमंत होतो आणि दुसऱ्या दिवशी भाजीचे तीस हजार देऊन जमिनीवर येतो. शाकाहाऱ्यांनी ‘मांस नको’ एवढंच म्हणून थांबू नये. मांस म्हणजे तिकडे गाय किंवा डुक्कर. कोंबडी ही त्यांच्या मते एक प्रकारची भाजी आहे.

आणि गूळ! कोलंबियाला गुळाची गोडी कळते, हे कोणत्याही प्रवासाच्या पुस्तकात पहिल्या पानावर छापायला हवं. त्याला ‘पानेला’ म्हणतात. जगात सगळ्यांत जास्त गूळ आपण करतो, आपल्यानंतर नंबर त्यांचा. वाण्याकडे विटेसारख्या किंवा गोल ढेपा रचलेल्या. कढईत रस आटवण्याची पद्धत तीच, चिपाडांवर चुलाण पेटवायचं तेही तसंच. पाहुणा आला की ‘अग्वापानेला’, म्हणजे चक्क गूळ-पाणी, फक्त गरम. त्यात लिंबू-आलं टाकलं की सर्दीचं औषध. साथीत आम्ही इकडे काढा पीत होतो तेव्हा ते तिकडे हे पीत होते, आणि चव बघता त्यांनी आपल्याहून बरी साथ काढली. ते त्या गरम गूळ-पाण्यात चीजचे तुकडे टाकतात आणि चमच्याने खातात. हिने पहिल्या दिवशी तोंड फिरवलं. पाचव्या दिवशी मला ओट्यापाशी पाठमोरी दिसली, चमच्यासकट. आळिवाचे गेले ते गेले, पण डिंकाचे लाडू तिने पानेला घालून वळले, आणि विहीणबाईंनी लाडू खाऊन जे वाक्य म्हटलं त्याचं जावयाने भाषांतर केलं: हे माझ्या बाळंतपणात कुठे होतं?

चौथ्या आठवड्यात दोन्ही आज्यांनी मिळून ठरवलं की घरात दोन पुरुष जास्त झाले आहेत. निर्बंध जरा सैल झाले होते. “तुम्ही दोघं कुठेतरी जाऊन या,” असं मला मराठीत आणि व्याह्यांना स्पॅनिशमध्ये एकाच सुरात सांगण्यात आलं. आम्ही ट्रान्समिलेनिओने निघालो. हीच ती बस, वेगळ्या मार्गिकेतून धावणारी, जिच्याकडे बघून २००६ साली पुण्यात बीआरटी आली. बोगोटात ती अजून धावते, एवढंच सांगतो. बोलत नाही जास्त.

व्याही निवृत्त माणूस, मला येणारी स्पॅनिश पंधरा शब्द, त्यांना येणारं इंग्रजी बारा. जुन्या बोगोटात, कान्देलारियाच्या चढणीवर, मी एका रंगीत भिंतीचा फोटो काढायला फोन बाहेर काढला. त्यांनी माझा हात धरून तो खाली केला आणि म्हणाले, “नो दार पापाया.” पपई देऊ नका. मी आजूबाजूला बघितलं, पपई कुठेच नव्हती. मग खाणाखुणांनी समजलं. हा कोलंबियाचा जुना दंडक आहे: आपल्या हातून दुसऱ्याला सहज उचलता येईल अशी संधी द्यायची नाही. फोन रस्त्यावर मिरवला म्हणजे पपई कापून ताटात वाढली. आणि याच्या पुढचा भाग असा की वाढलेली पपई जो खात नाही तो मूर्ख. साथीत तर सगळ्या गावाच्याच तोंडाला फडकं, त्यामुळे चोर कोण आणि सभ्य कोण हे चेहऱ्यावरून ओळखण्याची सोय राहिली नव्हती. माझं मत विचाराल तर सगळ्या सरकारी हुकमांपेक्षा हे तीन शब्द जास्त कामाचे. विषाणूच्या बाबतीतसुद्धा. पपई देऊ नका.

चौकात थर्मासवाल्याकडून आम्ही ‘तिन्तो’ घेतला, म्हणजे इवल्याशा कपात बिनदुधाची गोड कॉफी. उत्तम कॉफी परदेशी जाते आणि उरलेली इथे मिळते असं तिथलेच लोक सांगतात, पण गारठ्यात ती छानच लागली. व्याह्यांनी विचारलं, मार्केझ? मी म्हटलं, हो, हो, मार्केझ. कोलंबियावर लिहिताना त्याचं नाव न घेण्याची मुभा लेखकाला नाही, तेव्हा हेही उरकून टाकतो. त्याच्या कॉलऱ्याच्या दिवसांतल्या प्रेमाच्या कादंबरीत शेवटी दोन म्हातारी माणसं बोटीवर पिवळं निशाण लावून हिंडतात, साथ असल्याचं खोटं सांगून, की कोणी मधे येऊ नये. व्याह्यांना ही कल्पना फार पसंत होती. त्यांनी घराच्या दिशेने बोट केलं, मग आम्हा दोघांकडे, मग हवेत एक निशाण फडकावलं.

येताना त्यांना ‘अग्वार्दियेन्ते’ची बाटली घ्यायची होती. ही उसाची दारू, बडीशेप घातलेली. आपण जेवणावर बडीशेप खातो, ते पितात. पण त्या दिवशी ‘लेय सेका’ होती, कोरडा कायदा. सुट्ट्या आल्या, निवडणूक आली, साथ वाढली की दारूविक्री बंद. आम्ही रिकाम्या हाताने परतलो. इमारतीच्या दारात पोर्तेरोने, म्हणजे वॉचमनने, त्याच्या जाड वहीत आमचं नाव, नंबर, वेळ, तापमान लिहून घेतलं. प्रत्येकाला सही करायची. पेन एकच. सकाळपासून त्या पेनने दोनशे लोकांनी सही केली असेल. सही झाली की तो आमच्या हातावर जेल टाकायचा. पेनवर कधीच नाही.

अडतीस की चाळीस याचा निकाल असा लागला की अडतिसाव्या दिवशी हिने लेकीला न्हाऊमाखू घालून ओटी भरली आणि चाळिसाव्या दिवशी विहीणबाईंनी कानातला कापूस काढला. मधले दोन दिवस लेक आमच्या हिशेबाने मोकळी होती आणि त्यांच्या हिशेबाने कोंडलेली. त्या दीड महिन्यात आमच्या घरात जो एकच नियम कोणी एकदाही मोडला नाही तो हा. पिको ई सेदुला मी स्वतः दोनदा मोडली. दोन्ही वेळा कोथिंबिरीसाठी.

परतताना फाईल जाताना होती त्याच्या दुप्पट झाली होती. भारताने २३ फेब्रुवारीपासून बाहत्तर तासांतला रिपोर्ट आणि ऑनलाइन घोषणापत्र सक्तीचं केलं होतं, तेही त्यात. मुंबईला उतरल्यावर मी फाईल छातीशी धरून रांगेत उभा राहिलो. आरोग्य अधिकाऱ्याने विचारलं, कुठून? मी म्हटलं, कोलंबिया, आणि फाईल पुढं केली. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“यलो फीव्हर कार्ड?”

मी हिच्याकडे बघितलं. हिने पर्स उघडली, बंद केली. हातातली पिशवी उघडली. मग शांतपणे स्टीलचा डबा काढला, ज्यात विहीणबाईंनी दिलेल्या गुळाच्या ढेपा होत्या, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटलेली दोन पिवळी कार्डं सोडवून त्याच्यापुढे ठेवली. “नीट ठेवली होती,” ती म्हणाली.

कार्ड त्याच्या हातमोज्याला चिकटलं. त्याने ते सोडवलं, तारखा बघितल्या, शिक्का मारला. मग डब्याकडे बघितलं, मास्क हनुवटीपर्यंत खाली ओढला आणि वास घेतला.

“कोल्हापूरचा?”